संघ बदलले, बॅट तीच : अमोल मुझुमदार

१९८८, हॅरिस शिल्ड ही शालेय स्पर्धा, आझाद मैदान. सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांची ६६४ धावांची अखंड भागीदारी सुरू होती आणि शारदाश्रम शाळेचा पुढचा फलंदाज पॅड बांधून बसला होता. तो अमोल मुझुमदार. त्याची पाळी आलीच नाही.

रणजी पदार्पणात मात्र त्याने हरयाणाविरुद्ध २६० धावा ठोकल्या. प्रथम श्रेणी पदार्पणातला तो तेव्हाचा विश्वविक्रम. पुढे २००६-०७ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली मुंबईने रणजी करंडक जिंकला. मग मुंबई सोडून आसाम, त्यानंतर आंध्र. २०१४ मध्ये निवृत्ती घेतली तेव्हा नावावर प्रथम श्रेणीच्या ११ हजारांहून अधिक धावा आणि ३० शतके होती. भारताची कॅप एकदाही मिळाली नाही. निवड समित्यांचा हा अन्यायच म्हणायला हवा.

प्रशिक्षक म्हणूनही सुरुवात पायरीपायरीने झाली : राजस्थान रॉयल्सचे फलंदाजी प्रशिक्षकपद, २०२१ मध्ये मुंबईचे मुख्य प्रशिक्षकपद. ऑक्टोबर २०२३ पासून भारतीय महिला संघ. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत हरमनप्रीत कौरच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून पहिला विश्वचषक जिंकला.