मुलाच्या हातात मोबाइल नको, मग काय?

गेल्या महिन्यात घाटकोपरच्या एका वस्तीत महिलांची आरोग्य बैठक होती. विषय होता अंगात रक्त कमी असण्याचा. बोलून झालं, बायका उठायला लागल्या, तेव्हा एका आईनं हळूच विचारलं, “सिस्टर, पोरगा सात वर्षांचा आहे. आम्ही दोघं कामावर असतो. त्याला गाणी ऐकायला आणि तो कुठं आहे ते मला कळायला, असं एखादं साधं यंत्र मिळतं का? मोबाइल दिला की तो रील्समधून बाहेरच येत नाही. इंटरनेट नकोच.”

एका दुकानदारानं तिला लहान मुलांचं घड्याळ दाखवलं होतं. “नेट लागत नाही, रिचार्ज लागत नाही, पोरगं कुठंही असू दे, तुम्हाला कळणार,” असं सांगितलं होतं. तिनं त्यासाठी भिशीचे पैसे बाजूला काढले होते. ते पैसे वाया जाऊ नयेत म्हणून हा लेख.

गाण्याला नेट लागत नाही, ठावठिकाण्याला लागतं

गाणी मेमरी कार्डात भरली की यंत्र ती कुठंही वाजवतं. ठावठिकाण्याचं मात्र वेगळं आहे. जीपीएस म्हणजे आकाशातल्या उपग्रहांचे संदेश पकडून ‘मी कुठं आहे’ हे ओळखणं. त्याला इंटरनेट लागत नाही, हे दुकानदाराचं बोलणं खरं. पण ते कळतं फक्त त्या घड्याळाला. मुलाच्या मनगटावरून ती माहिती आईच्या फोनवर यायची तर घड्याळात सिमकार्ड हवं, त्याचा रिचार्ज हवा आणि तिथं नेटवर्क हवं. म्हणून दुकानात एकच प्रश्न विचारा: “यात सिम कुठं बसतं?” सिमची जागाच नसेल, तर ते घड्याळ मुलाचा पत्ता तुम्हाला लांबून कळवू शकत नाही.

चावीला लावतात तसले ब्लूटूथचे टॅगही बाजारात आहेत. त्यांची पोच थोड्याच मीटरची असते. जवळून जाणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या फोनला तो टॅग सापडला, तरच पुढची खबर मिळते. ॲपल कंपनीनंच सांगितलं आहे की त्यांचा एअरटॅग वस्तू शोधण्यासाठी आहे, माणसांचा माग काढण्यासाठी नाही.

सिमवालं चांगलं घड्याळ घेतलं तरी आपल्या वस्तीचा विचार करा. जीपीएसला मोकळं आभाळ लागतं. पत्र्याखाली, माळ्याखाली, दोन्ही बाजूंनी भिंती असलेल्या गल्लीत त्याचा ठिपका बऱ्याच अंतरानं चुकतो. असल्फ्याच्या टेकडीवर तेवढ्या अंतरात किती घरं येतात ते तुम्हाला माहीत आहे. वरच्या गल्लीत की खालच्या, हेही ठिपका सांगत नाही.

आणखी एक धोका आहे. काही घड्याळांत आई-वडिलांना गुपचूप आजूबाजूचं बोलणं ऐकता येतं. अशी घड्याळं जर्मनीनं २०१७ मध्ये विकायला बंदी केली. त्याच वर्षी नॉर्वेच्या ग्राहक परिषदेनं तपासणी केली, तेव्हा काही घड्याळांत परका माणूसही शिरू शकतो, मूल कुठं आहे ते पाहू शकतो, असं आढळलं. मुलाच्या रक्षणासाठी घेतलेली वस्तू परक्याला त्याचा रस्ता दाखवणारी नसावी. अनोळखी कंपनीचं स्वस्त घड्याळ म्हणूनच टाळा.

मग घ्यायचं काय?

मूल सहा वर्षांच्या आतलं असेल, तर मेमरी कार्ड आणि एफएम असलेला छोटा स्पीकर पुरे. ते मूल एकटं बाहेर जात नाही, त्याला ठावठिकाण्याचं यंत्र लागत नाही. चार जीबीच्या कार्डात पाच मिनिटांची साधारण आठशे गाणी मावतात. वामनदादांची, विठ्ठल उमपांची गाणी भरा, बडबडगीतं भरा, पाढे आणि गोष्टी तुमच्याच आवाजात रेकॉर्ड करून भरा. कामावरून यायला उशीर झाला तर आईचा आवाज घरात असतो.

शाळेत, शिकवणीला एकटं जाणाऱ्या मुलासाठी बटणांचा साधा फोन बरा. त्यात गाण्यांचं कार्ड बसतं आणि फोनही लागतो. सिमवर नेटचा पॅक टाकू नका. एका बटणावर आईचा, दुसऱ्यावर शेजारच्या मावशीचा नंबर लावून द्या, बटण दाबून धरायला शिकवा. ठिपका बघत बसण्यापेक्षा “बाळा, कुठं आहेस?” हे विचारणं जास्त खात्रीचं. तुमच्या मुलाच्या शाळेत फोन चालतो का, हे आधी विचारून घ्या.

कान आणि बॅटरी

जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकानुसार मुलांनी ७५ डेसिबलपर्यंतच्या आवाजात आठवड्याला जास्तीत जास्त ४० तास ऐकावं. डेसिबल मोजायचं यंत्र आपल्याकडे नसतं, म्हणून घरगुती कसोटी: मुलाच्या कानात इअरफोन असताना हातभर अंतरावरून साध्या आवाजात हाक मारा. ऐकू आली नाही तर आवाज जास्त आहे. कानाच्या आतल्या बारीक पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. शक्यतो स्पीकरवरच ऐकू द्या. रस्त्यावर आणि रुळांजवळ कानात काही नको, हा नियम मोठ्यांनीही पाळायचा.

दुसरी गोष्ट मी हात जोडून सांगते. टॅग, रिमोट, वाजणारी खेळणी यांत चपटी गोल बटण बॅटरी असते. मुलानं ती गिळली आणि ती अन्ननलिकेत अडकली, तर लाळेमुळे तिच्यातून वीज वाहते आणि दोन तासांत आतून गंभीर भाजू शकतं. वॉर्डात असताना असं एक बाळ मी पाहिलं आहे. घरच्यांना वाटलं नाणं गिळलं, पोटातून जाईल, म्हणून त्यांनी सकाळपर्यंत वाट पाहिली. ते बाळ वाचलं, पण कित्येक आठवडे नळीनं जेवलं. त्यामुळे बॅटरीचं झाकण स्क्रूनं बंद होतं तीच वस्तू घ्या. गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवू नका, केळं-भात चारून वाट पाहू नका. राजावाडी, कूपर, सायन, जे जवळ असेल त्या मोठ्या रुग्णालयात ताबडतोब न्या आणि “बटण बॅटरी असेल, एक्स-रे काढा” असं स्पष्ट सांगा. नाकात किंवा कानात घातली तरी तेवढीच घाई करा.

पाचांपैकी एक नंबर

जानेवारी २०१३ मध्ये अंधेरीत सात वर्षांची एक मुलगी शाळेजवळून नाहीशी झाली. डी. एन. नगर पोलीस ठाण्याचे राजेंद्र भोसले निवृत्तीनंतरही तिला शोधत राहिले. ती सापडली ऑगस्ट २०२२ मध्ये, नऊ वर्षांनी, आणि राहत होती घरापासून जेमतेम पाचशे मीटरवर. तिला हरवल्याचं जुनं पोस्टर इंटरनेटवर दिसलं. त्यावर पाच फोन नंबर होते. चार बंद पडलेले. पाचवा लागला, तो शेजाऱ्याचा होता.

आपल्याकडे रिचार्ज संपला की नवीन सिम घ्यायची सवय आहे. जुना नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याच कुणाला मिळतो. घरातला एक तरी नंबर कायम चालू ठेवा. तो मुलाला पाढ्यासारखा पाठ करवा. त्यासोबत शेजाऱ्याचा एक नंबर, स्वतःचं पूर्ण नाव, आईचं नाव आणि वस्तीचं नाव. “घराजवळ नळ आहे” असा पत्ता सांगणारी मुलं मी सहा डिसेंबरला दादरच्या गर्दीत पाहिली आहेत. अशा गर्दीत जाताना मुलाच्या खिशात नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा, पण नाव मोठ्या अक्षरात कपड्यावर लिहू नका. परका माणूस नावानं हाक मारतो आणि मूल त्याच्याकडे जातं.

मूल हरवलं तर ११२ किंवा १०९८ लावा, रेल्वेत असाल तर १३९. पोलीस ठाण्यात “चोवीस तास थांबा” असं कुणी म्हटलं तर थांबू नका. मूल हरवल्याच्या तक्रारीचा एफआयआर लगेच नोंदवायचा, असा सर्वोच्च न्यायालयाचा मे २०१३ चा आदेश आहे. तो तुमचा हक्क आहे, उपकार नव्हे.

त्या ताईंनी घड्याळ घेतलं नाही. बटणांचा फोन घेतला, कार्डात गाणी भरून घेतली. परवा भेटल्या तेव्हा मी मुलाला नंबर विचारला. आईचा त्यानं धडाधड सांगितला, शेजारच्या मावशीच्या नंबरात शेवटचे दोन आकडे चुकला. त्याची आई म्हणाली, “आठवडाभरात होईल पाठ.” तुमच्या घरी आज रात्री जेवताना विचारून बघा.

जय भीम.