बिल बघा डोळे उघडून!

जॉब पुण्यात, आई-बाबा तेलगावात. बीड जिल्ह्यातल्या या कारखान्याच्या गावातून हिंजवडी-मगरपट्ट्यात आलेल्या कित्येकांची स्टोरी अशीच! ऑफिसच्या मेडिक्लेममध्ये आई-बाबांची नावं टाकली की आपण निर्धास्त. मग एक दिवस गावाकडून फोन येतो, ‘डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू पिकलाय.’ आपण ऐटीत सांगतो, ‘टेन्शन नको, इन्शुरन्स आहे ना!’ आणि बिल हातात पडलं की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. असं का होतं?

चष्मा तुमच्याच खिशातून

साधी पॉलिसी म्हणजे हॉस्पिटलच्या उपचारांचा खर्च. नंबर तपासणं, चष्मा, कॉन्टॅक्ट लेन्स हे सगळं ओपीडीत मोडतं. पॉलिसीत ओपीडी कव्हर वेगळं घेतलं असेल तरच पैसे मिळतात. लेझर करून चष्मा घालवायचाय? नंबर ७.५ डायॉप्टरपेक्षा कमी असेल, तर नियमानुसार तो खर्च पॉलिसीबाहेर.

मोतीबिंदूचं गणित

मोतीबिंदूचा पेशंट त्याच दिवशी घरी जातो. तरीही ‘डे-केअर’ म्हणून क्लेम मिळतो, त्यासाठी २४ तास ॲडमिट व्हायची गरज नाही. पण दोन गोष्टी आधी बघा. एक, वेटिंग पिरियड. स्वतः घेतलेल्या पॉलिसीत तो बहुतेक वेळा २४ महिन्यांचा असतो. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत अनेकदा माफ असतो, पण एचआरला मेल टाकून लेखी उत्तर घ्याच.

दुसरी गोष्ट, लिमिट. २०२० साली आलेल्या ‘आरोग्य संजीवनी’चंच उदाहरण घ्या. एका डोळ्याला विम्याच्या रकमेच्या २५ टक्के किंवा ४०,००० रुपये, यातलं जे कमी ते. वर प्रत्येक क्लेममध्ये ५ टक्के आपला वाटा. म्हणजे ५ लाखांची पॉलिसी असली आणि भारी लेन्स टाकून बिल ६०,००० झालं, तर हातात येणार ३८,०००. उरलेले २२,००० तुमचे! म्हणून लेन्स ठरवण्याआधी लिमिट विचारा.

कागद जपा

आरोग्य संजीवनीत ॲडमिट होण्याआधीच्या ३० आणि नंतरच्या ६० दिवसांचा संबंधित खर्चही धरला जातो. तेव्हा डॉक्टरची फी, लेन्सचा नंबर काढायची टेस्ट, ड्रॉप्स या सगळ्याची पक्की बिलं ठेवा. लेन्सचं स्टिकरही सांभाळा, क्लेमला ते लागतं.

अंबाजोगाई की बीड?

आई-बाबांना एसटीत बसवण्याआधी ते हॉस्पिटल नेटवर्कमध्ये आहे का, हे टीपीएला फोन करून विचारा. नसेल तर बऱ्याचदा आधी पैसे भरायचे आणि मग क्लेमच्या मागे लागायचं. कॅशलेसच्या अर्जावर एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय द्यावा, असा ‘इर्डाई’चा २०२४चा नियम आहे. क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा. कंपनीकडे तक्रार करून महिन्याभरात समाधान झालं नाही, तर पुण्यात विमा लोकपालाचं ऑफिस आहे. तिथे फी लागत नाही.

आणि पॉलिसीच नसेल तर? सरकारी रुग्णालयांत अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाखाली मोतीबिंदूचं ऑपरेशन मोफत होतं. अंबाजोगाईत तर सरकारी मेडिकल कॉलेजच आहे. पैशांपायी ऑपरेशन पुढे ढकलू नका.

पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा पॉलिसीचा कागद सोबत न्या. बारीक अक्षरं आई-बाबांना दिसणार नाहीत, तुम्ही वाचून दाखवा!