मोबाईलची कोठी केवढी घ्यावी?



या पानावर आपण नेहमी बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा, ठिबक, खताचे हप्ते असेच विषय घेत असतो. या वेळी विषय जरा बाहेरचा वाटेल, पण तो बाहेरचा राहिलेला नाही. पीक पाहणीच्या दिवसांत गटात फिरताना एकच तक्रार पुन्हा पुन्हा कानावर येते. सभासद बांधावर उभा, पुढे डोक्याइतका ऊस, हातात मोबाईल, आणि मोबाईल काही फोटो घ्यायला तयार नाही. एक भाऊ तर वैतागून म्हणाले, "साहेब, जागाच नाही म्हन्ते हा. मंग फोटो काय याच्या डोक्यावर ठेवू का?"

हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, आणि सातबाऱ्यावरची पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः आपल्या मोबाईलवरून, शेतात उभे राहून, फोटोसह करायची अशी पद्धत पडली. त्याला मुदत असते. नोंद राहिली तर पुढे सोयाबीन हमीभावाने द्यायला गेल्यावर, नाही तर नुकसानीच्या मदतीच्या वेळी, सातबारा कोरा पाहून माणूस अडतो. आपल्या वऱ्हाडात नुसता ऊस कोणाचाच नसतो. सोबत कपाशी, तूर, सोयाबीन, कुठे संत्रा असतोच. म्हणजे ऊस राहिला बाजूला, बाकीच्या पिकांचीही नोंद त्या भरलेल्या मोबाईलपायी अडते. मग घाईघाईने कोणीतरी पोट्टं सांगते, "काका, फोन रिसेट मारा." रिसेट मारला की जागा होते खरी, पण लग्नाचे, वडिलांचे, बांधाच्या वादातले, सगळेच फोटो धुऊन निघतात.

तेव्हा नवीन फोन घेताना त्यात साठवणुकीची जागा केवढी असावी, याचा हिशोब दुकानदाराच्या नव्हे, आपल्या पद्धतीने करू.

आधी मापे समजून घेऊ. केबी, एमबी, जीबी ही नावे ऐकून बिचकायचे कारण नाही. १००० किलोचा एक टन, तसे १००० केबीचे एक एमबी, आणि असे १००० टन म्हणजे एक जीबी असे धरा. एके काळी १२५० टन रोजच्या गाळपाचा कारखाना ही नेहमीची क्षमता होती. त्या हिशोबाने एक जीबी म्हणजे दिवसभराच्या गाळपाहून थोडे कमी, आणि १२८ जीबीचा फोन म्हणजे १,२८,००० टन, साधारण शंभर दिवसांचा अख्खा गळीत हंगाम! हंगामभराचा ऊस खिशात मावतो म्हणायचा. पण मोबाईलचा एक फोटो चार टनांचा असतो, म्हणजे दोन बैलगाड्या. आणि एक मिनिटाचा चांगला व्हिडिओ शंभर ते दीडशे टन, म्हणजे ट्रकांची रांगच. पोराने बैलपोळ्याला दहा मिनिटे मिरवणूक काढली की हजार-बाराशे टन एका संध्याकाळी आत गेले. सातबाऱ्याची प्रत, आधार, बँकेचे पासबुक हे कागद मात्र फार हलके. शे-दोनशे किलोंचा मामला. कागदांनी मोबाईल भरत नाही हे ध्यानात ठेवा, म्हणजे जागा करायच्या नादात कोणी पहिल्यांदा कागद पुसणार नाही. असे करणारे पाहिले आहेत म्हणून लिहितो.

आता दुकानातला आकडा. फोनवर ६४ किंवा १२८ लिहिलेले असते ते सगळे आपल्याला मिळत नाही. एक तर कंपनी हजाराने मोजते आणि पुष्कळ ठिकाणी यंत्र १०२४ ने मोजते, त्यामुळे १२८ चे ११९ आणि ६४ चे ६० च्या आतच दिसतात. ही लबाडी नव्हे, मापाचा फरक आहे. त्यातून फोन चालवणारी मूळ यंत्रणा आणि कंपनीने आधीच भरून दिलेली ॲप्स वीसेक जीबी अडवून बसतात. साखरेच्या गोदामात थप्प्या लावताना हमालाला फिरायला वाट सोडावी लागते, तशी इथेही दहा-पंधरा टक्के जागा रिकामी ठेवावी लागते, नाही तर फोन कुंथत चालतो. म्हणजे ६४ वाल्यात खरी हाती जागा तीस-पस्तीस, आणि १२८ वाल्यात पंचाऐंशीच्या आसपास.

दुसरी एक गोष्ट दुकानात नेहमी एकत्र कालवून सांगतात. "आठ-एकशे अठ्ठावीस" असे म्हणतात, त्यात आठ म्हणजे रॅम. रॅम ही गव्हाण आहे. आत्ता या घडीला जो ऊस पडतो आहे तेवढ्यापुरती. १२८ हे गोदाम. गव्हाण मोठी असली म्हणून गोदाम मोठे होत नाही. हल्ली "आठ अधिक आठ, सोळा रॅम" अशी जाहिरात असते. त्यातले दुसरे आठ बहुतेक वेळा गोदामातलीच जागा उसनी घेऊन दाखवलेले असतात. अमरावतीच्या राजकमल चौकात घ्या की अकोल्याच्या गांधी रोडला, हा प्रश्न काउंटरवर स्पष्ट विचारा. सेटिंगमध्ये ती उसनवारी बंद करता येते, आणि तेवढी जागा परत मिळते.

आता मुख्य हिशोब. एकरी उतारा काढायला आपण अख्खा फड तोडत नाही. एका गुंठ्यातला ऊस तोडून वजन करतो आणि चाळीसने गुणतो. मोबाईलचेही तसेच करावे. सेटिंगमध्ये स्टोरेज म्हणून जागा असते, तिथे किती जीबी भरले आहे ते पहिल्या तारखेला डायरीत लिहून ठेवा. महिनाभर काही न पुसता नेहमीसारखा वापर करा. पुढच्या पहिल्या तारखेला पुन्हा पाहा. समजा ४१ चे ४४ झाले, म्हणजे महिन्याला ३ जीबी, वर्षाला ३६. फोन चार वर्षे चालवायचा असेल तर १४४. त्यात यंत्रणेची वीस आणि मोकळी वाट मिळवा. हा तुमचा स्वतःचा आकडा. शेजाऱ्याने २५६ घेतला म्हणून आपण घ्यायचा नाही आणि त्याने ६४ वर भागवले म्हणून आपले भागेल असेही नाही. महिना मात्र साधा निवडा. लग्नसराईचा घेतला तर उतारा फुगलेला येईल.

ज्यांच्याकडे अजून स्मार्टफोनच नाही त्यांना हा गुंठा तोडता येणार नाही. त्यांच्यासाठी अंदाज असा. रोज दहा फोटो धरले तर रोजचे ४० एमबी, वर्षाचे साडेचौदा जीबी. आठवड्याला दहा मिनिटे व्हिडिओ काढणारा घरात असेल तर वर्षाचे साठ जीबी नुसते त्याचे! व्हिडिओची किंमत फोटोपेक्षा किती जास्त आहे ते यावरून दिसेल. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फोर-के असे काही चालू असेल तर ते खाली आणावे. गाईचा, पंपाचा, हुमणी लागलेल्या ठोंबाचा व्हिडिओ साध्या प्रतीतही स्पष्ट दिसतो. हुमणी ओळखायला आम्हाला तेवढा पुरतो.

राहिले व्हॉट्सॲप, आणि खरे गोदाम तिथेच भरते. गावाचा ग्रुप, भावकीचा, शाळेचा, भजनी मंडळाचा, आणि पक्षाचे दोन. पाच-सहा ग्रुपवर मिळून दिवसाला अडीचशे चित्रे आली, एकेक २०० केबीचे धरले, तरी रोजचे ५० एमबी. त्यावर पाच-सहा छोटे व्हिडिओ आले की आणखी तेवढेच. वर्षाला छत्तीस जीबी, आणि त्यात आपल्या कामाचे एक नाही. हे आपल्याकडेच होते असे नाही, देशभर होते. जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेतल्या वॉल स्ट्रीट जर्नल या वृत्तपत्राने यावर मोठी बातमी केली होती. भारतात दर तीन स्मार्टफोनधारकांमागे एकाची जागा रोज संपते, अमेरिकेत हे प्रमाण दहात एक आहे, आणि भारतातल्या या गर्दीला सकाळी सकाळी पाठवली जाणारी गुड मॉर्निंगची चित्रे बरीच कारणीभूत आहेत, असे त्यात होते. गूगलने त्याच्या आधीच्या महिन्यात, डिसेंबर २०१७ मध्ये, असा कचरा शोधून काढणारे ॲप आणले होते. आमच्या शेतकी खात्याच्या ग्रुपवरही गुलाबाची फुले येतातच. कोणाला बोलणार!

यावर उपाय साधा आहे. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये स्टोरेज आणि डेटा म्हणून भाग आहे, तिथे चित्रे-व्हिडिओ आपोआप उतरवणे बंद करता येते. मोबाईल डेटा, वायफाय आणि रोमिंग, तिन्ही ठिकाणी बंद करा. मग ज्यावर बोट ठेवाल तेवढेच आत येईल. त्याच भागात 'मॅनेज स्टोरेज' मध्ये कोणत्या ग्रुपने किती जागा खाल्ली ते वजनासह दिसते. तण काढायचे तर तिथून काढावे. ही एक सवय लागली तर छत्तीसचे पाच-सहावर येतात. नवीन फोन घेण्याआधी हे करून पाहा. पुष्कळांना नवीन फोनची गरजच उरणार नाही, निदान वर्षभर तरी.

माझे मत विचाराल तर, फोन, थोडे फोटो, पीक पाहणी, बँकेचे व्यवहार आणि रात्री थोडे यूट्यूब एवढेच ज्यांचे काम आहे त्यांनीही आता ६४ घेऊ नये. ॲप्स दर वर्षी जाड होत चालली आहेत. १२८ घ्यावा, आणि त्याला मेमरी कार्डाची सोय असेल तर उत्तम. चार वर्षांचा हिशोब मांडला तर फोटो ५८, आवरलेले व्हॉट्सॲप २०, यंत्रणा आणि ॲप्स वाढून ४०, बेरीज ११८ होते. १२८ मध्ये वाट सोडायची म्हटली तर हे थोडे जास्तच आहे. म्हणून वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, फोटो कार्डावर किंवा घरच्या संगणकावर काढून ठेवावेत. ज्याच्या घरात शिकणारी मुले त्याच फोनवर धड्यांचे व्हिडिओ उतरवून ठेवतात, किंवा ज्याला रोज व्हिडिओ काढायचे आहेत, त्याने २५६ घ्यावा. त्याच्यावर दोन वर्षांनी फोन बदलायची पाळी येणार नाही, आणि वरचे पैसे वसूल होतात. केवळ मिरवायला मोठा आकडा घेणे म्हणजे दोन एकरांसाठी दहा एकरांची मोटार बसवणे.

कार्डाबाबत दोन सूचना. सातपुड्याच्या पायथ्याच्या, मेळघाटाला लागून असलेल्या गावांत नेटवर्कपायी दोन सिम ठेवावी लागतात. काही फोनमध्ये दुसरे सिम आणि कार्ड यांना एकच खाचा असतो, हे बसले की ते बसत नाही. घेताना तिन्ही एकदम बसतात का ते स्वतः उघडून पाहावे. दुसरे म्हणजे, बाजारात अगदी स्वस्तात हजार जीबी लिहिलेली कार्डे मिळतात ती बहुधा खोटी. लिहिलेले असते हजार, आत असते आठ किंवा बत्तीस. भरताना काही कळत नाही, पण आतले आधीचे फोटो मरत जातात. नामांकित कंपनीचे कार्ड पावतीसह घ्यावे, घरी आणून मोठ्या फायलींनी भरावे आणि सुरुवातीची, मधली, शेवटची फाईल उघडून पाहावी. तिन्ही उघडल्या तर कार्ड खरे.

बाहेरच्या गोदामाचाही प्रश्न सभासद विचारतात. गूगल १५ जीबी जागा फुकट देते. पूर्वी फोटोंना तिथे मर्यादा नव्हती, पण १ जून २०२१ पासून फोटो त्या पंधरात धरले जातात, आणि २०२४ पासून ॲन्ड्रॉइडवर व्हॉट्सॲपची राखीव प्रतही त्यातच मोजली जाते. म्हणजे फुकटचे गोदामही लवकर भरते, मग भाडे सुरू. तरी बांधाचे, नुकसानीचे आणि घरच्या जुन्या माणसांचे निवडक फोटो तिथे ठेवावेत, कारण फोन विहिरीत पडला तरी ते राहतात. फक्त त्या खात्याची किल्ली आपल्याजवळ पाहिजे. पुष्कळांचे ईमेल खाते फोन घेताना दुकानातल्या पोराने उघडून दिलेले असते, पासवर्ड त्यालाही आठवत नाही आणि यांनाही नाही. शिवाय दोन वर्षे ज्या खात्याला कोणी हात लावला नाही ते गूगल काढून टाकू शकते. खात्याचे नाव आणि पासवर्ड घरातल्या डायरीत, बँकेच्या पासबुकासोबत लिहून ठेवा.

फोन बदलायचा असेल तर पीक पाहणीची मुदत सुरू व्हायच्या आधी किंवा संपल्यावर बदला. नवीन फोनमध्ये ॲप बसवणे, खातेदाराची नोंदणी पुन्हा करणे यात दिवस जातात, आणि शेवटच्या आठवड्यात सर्व्हरवर गर्दी असते. जुना फोन मुलाला देण्याआधी त्यातले फोटो नव्यात आले का ते एकेक फोल्डर उघडून पाहा, मगच तो पुसा. ज्यांना स्टोरेजचा आकडा सापडत नाही त्यांनी गट कार्यालयात येताना फोन चार्ज करून आणावा. शेतकी मदतनीस दाखवून देतील.