मालमोटारीच्या चाकांना उजाळा

अमेरिकेच्या महामार्गांवर धावणाऱ्या अवजड मालमोटारींना पुष्कळदा अठरा चाके असतात, आणि त्यांपैकी कित्येकींची चाके आरशासारखी लखलखत असतात. ही चालकांची हौस, असे कोणासही वाटेल. आणि काही अंशी ती आहेही. परंतु ॲल्युमिनियमचे चाक तेथे रुजले ते हिशेबापायी. अल्कोआ कंपनीने १९४८ साली घडीव ॲल्युमिनियमचे चाक पुढे आणले. या धातूची घनता पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश. आंतरराज्य महामार्गांवर भरलेल्या गाडीचे वजन सर्वसाधारणपणे ८०,००० पौंडांपलीकडे जाऊ देत नाहीत. तेव्हा चाकांत वाचलेला प्रत्येक पौंड मालाच्या पदरी पडतो.

पितळेच्या भांड्याला कल्हई करतात तेव्हा त्यावर कथलाचा निराळा थर चढतो. ॲल्युमिनियमला उजाळा देताना तसे काहीच चढत नाही. या धातूला हवा लागताच त्यावर ऑक्साइडचे कवच धरते. ते मिलिमीटरच्या दशलक्षांश भागांत मोजावे इतके पातळ असते. तरी आतील धातू राखते ते तेच. लोखंडाचा गंज लोखंडाला खातो, हा गंज मात्र धातूचा पहारेकरी होय. कुरुंदाचा दगड, माणिक आणि नीलम ही याच ऑक्साइडची स्फटिकरूपे. आणि गंमत अशी की, चाक घासण्याच्या पॉलिशमध्येही पुष्कळदा त्याचीच वस्त्रगाळ पूड असते. उजाळा देणे म्हणजे हे कवच व त्याखालील धातूचा किंचित अंश घासून पृष्ठभाग सपाट करणे. नवे कवच लगेच धरते खरे, पण दर खेपेस चाक अणुमात्र झिजतेच.

म्हणून आधी धुणे, मग घासणे. चाक प्रथम निवू द्यावे. तापल्या चाकावर साबणाचे पाणी वाळून डाग पडतात. भरपूर पाण्याने वाळू आणि ब्रेकची काजळी काढावी, नाहीतर तीच कचकच फडक्याखाली काचकागदाचे काम करते. चरे खोल असतील तरच वॉटरपेपर वापरावा, तोही ओला, जाड दाण्याकडून बारीक दाण्याकडे. त्यानंतर कापडी बफ आणि पॉलिश. फडके काळे होते ते मळाने नव्हे, धातूच्याच सूक्ष्म चुऱ्याने. यात एक परीक्षाही दडलेली आहे. घासूनही फडके काळे होत नसेल, तर चाकावर पारदर्शक लेप किंवा ॲनोडायझिंगचा थर आहे असे समजावे व हात आवरावा. अखेरचा तेलकट काळेपणा काढण्यासाठी तेथील कित्येक चालक चक्क मैदा भुरभुरवून फडके फिरवतात; पीठ तेल शोषून घेते.

खरा धोका आहे तो झटपट मार्गात. धुण्याच्या सोड्याने ॲल्युमिनियमचे पातेले काळवंडते, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. कॉस्टिक सोडा तर कवच भेदून धातूच खातो आणि हायड्रोजन वायू सुटतो. चाके उजळविण्याच्या काही द्रवांत हायड्रोफ्लोरिक आम्ल असते. ते मळ क्षणात काढते. पण सौम्य द्रावण कातडीवर पडले तर त्या वेळी कळतही नाही. वेदना काही तासांनी सुरू होते, तोवर आम्ल खोल उतरून शरीरातील कॅल्शियम बांधू लागलेले असते. अंगावर अधिक आम्ल पडल्यास हृदयक्रियाही बिघडते. असा द्रव लागल्याची नुसती शंका आली तरी ती जागा वाहत्या पाण्याखाली धरून तडक डॉक्टर गाठावा आणि कोणता द्रव लागला हे सांगावे. यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम वापरतात. चाकाच्या शोभेसाठी इतका धोका पत्करणे शहाणपणाचे नव्हे.

स्वच्छ चाकाचा मोठा लाभ निराळाच. बोल्टच्या छिद्रांभोवतीची केसासारखी चीर चिखलाखाली लपते, धुतल्यावर दिसते. नटापासून निघालेले गंजाचे ओघळ नट सैल असल्याची खूण असू शकतात. ते पुसण्यापूर्वी नीट पाहावेत. चिरलेले चाक वेल्डिंग करून पुन्हा लावू नये, ते बादच करावे. आणि चाक हबला जेथे टेकते तेथे रंगाचा वा पॉलिशचा थर राहू देऊ नये; भाराखाली तो दबतो आणि आवळलेले नट सैल पडतात.