तलाव बांधणं आणि तलाव चालवणं : दोन वेगळे हिशेब

तालुक्याच्या गावाने वर्गणी काढून शर्यतींचा पोहण्याचा तलाव बांधायचं म्हटलं, की पहिला प्रश्न हमखास येतो : किती खर्च येईल? आज आपण तो प्रश्न जरा मागे सारू. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही मुलांना सांगत असू, की उत्तर शोधण्याआधी प्रश्न नीट विचारलाय का ते बघा. इथला आधीचा प्रश्न आहे, तलाव किती लांब?

ऑलिंपिकचा तलाव ५० मीटर लांब, २५ मीटर रुंद. दोन मीटर खोली धरली तरी पाणी होतं २५ लाख लिटर. आता २५ मीटर लांबीचा, अडीच-अडीच मीटरच्या सहा लेनचा तलाव घेऊ. सरासरी दीड मीटर खोलीला साडेपाच लाख लिटरच्या आसपास. शर्यती यातही रीतसर होतात. तरी सभेत कुणीतरी उठून म्हणतंच, बांधायचा तर ऑलिंपिकचाच! टाळ्या पडतात आणि तलाव तिथेच महाग होतो.

लांबीचा एक बारीक मुद्दा आहे, तो आम्हाला फार आवडतो. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर वैयक्तिक मेडलीत स्वीडनचा गुन्नार लार्सन अमेरिकेच्या टिम मॅकीच्या पुढे ठरला तो सेकंदाच्या दोन सहस्रांशाने. तेवढ्यात पोहणारा सरकतो जेमतेम तीन मिलिमीटर. इतक्या काटेकोर भिंती कुठला गवंडी बांधणार? म्हणून पुढे वेळ शंभराव्या भागापर्यंतच मोजायचं ठरलं. मात्र तलाव किंचित लांब चालतो, आखूड चालत नाही. वेळ मोजणाऱ्या टचपॅडची जाडी साधारण एक सेंटिमीटर, आणि ती दोन्ही टोकांना. म्हणजे टाइल्स बसल्यावर २५ मीटर २ सेंटिमीटर भरले पाहिजेत. नकाशावर काँक्रीटचं माप धरलं आणि टाइल्स विसरल्या, तर एवढ्या खर्चाचा तलाव स्पर्धेला बाद!

आता चालवण्याचा हिशेब. आकडे आपण धरलेले आहेत, तुमच्या गावचे घालून बघा. सगळं पाणी सहा तासांत एकदा फिल्टरमधून जायला हवं. लहान तलावाला त्यासाठी सहा किलोवॅटचा पंप धरू. चोवीस तासांचे १४४ युनिट, दहा रुपये दराने वर्षाला सव्वापाच लाख. ५० मीटरला हेच बिल तेवीस लाखांच्या घरात जातं. उन्हाने रोज पाच मिलिमीटर पाणी उडालं, तर लहान तलावातून १,८७५ लिटर जातात, मोठ्यातून ६,२५०. एप्रिलमध्ये गावात टँकर फिरत असताना हे पाणी कुणाच्या वाट्यातून आणणार, तेही त्याच सभेत बोलायला हवं.

दोन जीवरक्षक, प्रशिक्षक, पंप बघणारा, सफाई कामगार यांचे पगार मिळून अकरा लाख. क्लोरीन, पाणी, तपासणी तीन लाख. पुढे फिल्टर आणि पाइप बदलावेच लागतात, त्यासाठी बाजूला चार लाख. (हा आकडा अंदाजपत्रकात बहुधा नसतोच.) एकूण तेवीस लाखांच्या वर. तीनशे सभासद असले तर माणशी महिना साडेसहाशे रुपये. बरं वाटतं ना?

पण तीनशे हा आकडा आपण कुठून आणला? मे महिन्यात पाचशे येतील. पावसाळ्यात आणि थंडीत एकशेवीस आले तरी पुष्कळ. तेव्हा जमा पाऊण लाखाच्या आसपास आणि महिन्याचा खर्च एक लाख नव्वद हजार. माणसं कमी झाली म्हणून पंप थांबवता येत नाही. थांबवला की आठवड्यात पाणी हिरवं होतं, मग उरलेलेही येत नाहीत. आणि जीवरक्षक कमी करणं तर बोलायचंच नाही. तलाव बंद पडतात ते बहुधा याच वाटेने. तेव्हा नुकसान होतं ते वर्गणीदारांपेक्षा पहाटे पाचला सराव करणाऱ्या त्या वीस-पंचवीस पोरांचं.

तेव्हा एस्टिमेट करताना खोदाई, काँक्रीट, लोखंड यांचे दर डीएसआरमधून घ्या. फिल्टरेशनसाठी तिघांकडून कोटेशन मागवा, आणि प्रत्येकात पंपाचे किलोवॅट लिहून घ्या, कारण स्वस्त यंत्रणा बिलात महाग पडू शकते. हिवाळ्यातली महिन्याची लाखभराची तूट कोण भरणार, नगरपालिका, शाळा की उन्हाळी शिबिरांची फी, हे भूमिपूजनाच्या आधी लेखी हवं. ते जमत नसेल तर लेन चार करा.