बासरीचे वावडे

युरोपातील शाळांतून मुले रेकॉर्डर नावाची उभी बासरी शिकतात. लाकडी रेकॉर्डर वाजवणाऱ्या एखाद्याच्याच ओठांना व हनुवटीला खाज सुटते, लालसर पुरळ उठते. शेजारी तीच बासरी वाजवतो, त्याला काहीच होत नाही. असे का?

पुष्कळ रेकॉर्डर डालबर्जिया प्रजातीच्या, म्हणजे रोझवुडच्या लाकडाचे असतात. आपला शिसव याच प्रजातीतला. या लाकडांच्या गाभ्यात डालबर्जिओन नावाची रसायने असतात. घाम व लाळ यांमुळे ती त्वचेत शिरतात आणि तेथील प्रथिनांना चिकटतात. काहींच्या शरीरातील टी-पेशी या जोडीला शत्रू समजतात. पहिल्या वेळी त्या फक्त ओळख लक्षात ठेवतात. पुढे पुन्हा स्पर्श झाला की हल्ला चढवतात. पुरळ मात्र एक-दोन दिवसांनी उठते. म्हणून बासरी सुटते आणि आळ येतो जेवणावर!

खरे कारण त्वचारोगतज्ज्ञ शोधतात. संशयित पदार्थ योग्य प्रमाणात पाठीवर पट्टीखाली 48 तास ठेवतात. पट्टी काढल्यावर आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी त्वचा तपासतात. लाकडाचा भुसा घेऊन हा प्रयोग घरी करू नका. त्यानेच नवे वावडे जडू शकते.

मलमाने पुरळ बसते, पण टी-पेशींची आठवण पुसत नाही. तेव्हा त्या लाकडाचा स्पर्शच टाळायला हवा. पॉलिशचा भरवसा नको, ते झिजते. वाजवणे सोडण्याचे मात्र कारण नाही. प्लॅस्टिकचा रेकॉर्डर घ्यावा. सूर तेच निघतात!