खर्ड्याची छावणी आणि भामिनीचे मन

आमचे ईट गाव भूम तालुक्यात असून, सकाळी मोटारसायकलीला लाथ मारून निघालेल्या माणसाने सरदार निंबाळकरांचा खर्ड्याचा किल्ला डोळे भरून पाहावा आणि दुपारच्या भाकरीला घरी परतावे, इतका तो किल्ला आम्हांस जवळ आहे. या वाटेने मी किती वेळा गेलो याची मोजदाद ठेवलेली नाही. परंतु प्रत्येक खेपेस बुरुजाखाली उभा राहिलो म्हणजे मला इतिहासाच्या आधी एक नाटक आठवते, आणि ते नाटक म्हणजे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘मानापमान’. रणभूमीवर येऊन संगीत नाटक आठवणाऱ्या माणसाच्या रसिकतेविषयी वाचकांनी काय समजायचे ते समजावे. माझी कैफियत मात्र ऐकून घ्यावी.

११ मार्च १७९५ रोजी या मैदानात पेशवे आणि निजाम यांची गाठ पडली. दफ्तरी कारण थकलेल्या चौथाईचे होते. परंतु त्या थकबाकीला आग लागली ती अपमानाने. निजामअलीचा दिवाण मुशीरुल्मुल्क याने पेशव्यांच्या वकिलांस उर्मट उत्तरे दिली आणि हैदराबादच्या दरबारात नाना फडणिसांची सोंगे नाचविण्यात आली, असे आमच्या इतिहासांत सांगितले जाते. पुण्याच्या मुत्सद्द्यांनी पैसा एक वेळ सोडला असता. ते सोंग सोडणे त्यांस शक्य नव्हते. पुढची हकिकत तर प्रहसनालाच साजेल. निजामाने छावणीत जनानखानाही आणला होता, त्याच्या लष्करात शिपायांचा पोशाख केलेल्या स्त्रियांची पलटणही होती. आणि परशुरामभाऊ पटवर्धनांच्या हाताखालील मराठी तोफा कडाडू लागल्यावर बेगमा घाबऱ्या झाल्या, त्यांच्या आग्रहापुढे निजामअलीने माघारीचा हुकूम दिला आणि तो या किल्ल्यात येऊन कोंडला गेला. शेवटी तहनाम्यात दौलताबाद गेले, आणि ज्याच्या जिभेने हे सारे घडले तो मुशीरुल्मुल्क मराठ्यांच्या स्वाधीन करावा लागला. मानाची आणि अपमानाची इतकी चोख वसुली मी अन्य कोणत्या तहात वाचलेली नाही.

विजयी पक्षाचा धनी, सवाई माधवराव, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात शनिवारवाड्यात मरण पावला; आणि खाडिलकरांनी १८९३ साली आपले पहिले नाटक लिहिले ते त्याच मृत्यूवर. पुढे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले व १९१० साली सरकारने ते बंद केले. टिळक मंडालेस, ‘केसरी’वर करडी नजर, अशा दिवसांत या गंभीर लेखकाने १२ मार्च १९११ रोजी किर्लोस्कर मंडळीकडून हसरे ‘मानापमान’ रंगभूमीवर आणले. खर्ड्याच्या लढाईस त्या दिवशी ११६ वर्षे आणि वर एक दिवस झाला होता. हा योगायोगच, पण मला तो आवडतो, आणि दिवाळी अंकात आवडते ते लिहिण्याची मुभा असते!

कथानक वाचकांस ठाऊक असल्याने उरकून घेतो: श्रीमंत घरची भामिनी, वडिलांस पसंत असलेला शूर पण निर्धन सेनापती धैर्यधर, आणि अंगावर दागिन्यांचे दुकान मांडलेला भित्रा लक्ष्मीधर. भामिनी धैर्यधराच्या दारिद्र्याचा उपहास करते, तो तिच्या गर्वाचा समाचार घेतो, आणि मग ती वनमाला या गरीब मुलीच्या वेषात त्याच्या छावणीत शिरून स्वतःच प्रेमात सापडते.

नावेच पाहा. धैर्य धरणारा एक, लक्ष्मी धरणारा दुसरा; आणि भामिनी म्हणजे संस्कृतात रागीट सुंदरी. माझ्या मते या त्रिकोणाचा खरा आधार लक्ष्मीधर आहे. धैर्यधराचे शौर्य आपण ऐकतो, लक्ष्मीधराचे भय आपण पाहतो. आणि भय पाहणे अधिक मनोरंजक असते. तो काढून टाका, म्हणजे उरते एक मानी तरुणी आणि एक मानी शिपाई, ज्यांचे भांडण कधी मिटलेच नसते. पण टाळ्या मात्र गाणाऱ्यांनाच मिळाल्या, कारण चाली गोविंदराव टेंबे यांच्या होत्या. तोवर चाली योजण्याचे काम बहुधा नाटककारच करीत. खाडिलकरांनी ते पेटीवाल्या कलावंताकडे सोपविले आणि टेंब्यांनी उत्तरेकडील ठुमरी-कजरीचा रंग मराठी पदांस दिला. पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच मुलगी गेल्याची बातमी येऊनही बालगंधर्वांनी भामिनी उभी केली, ही हकिकत सर्वश्रुत आहे.

मला मात्र ओढ लागलेली आहे ती ८ जुलै १९२१ च्या रात्रीची. टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईच्या बालीवाला थिएटरात दोन प्रतिस्पर्धी मंडळ्या एकत्र आल्या: ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर, गंधर्व मंडळीचे बालगंधर्व भामिनी. तिकिटाचा दर शंभर रुपयांपर्यंत चढला होता म्हणतात. त्या रात्री त्रिकोण रंगमंचावरून उतरून प्रेक्षागृहात आला असला पाहिजे. केशवरावांच्या तानेने एक बाजू उठली की दुसरी बालगंधर्वांच्या एका लाडिक मुरकीची वाट पाहत दम धरीत असेल. आमच्या घरी ग्रामोफोनपाशी हे भांडण पुढे कित्येक वर्षे चालले. आजोबा बालगंधर्वांचे, त्यांचे धाकटे बंधू केशवरावांचे, आणि आजी दोघांसमोर कुंथलगिरीच्या पेढ्यांची बशी ठेवून, “खा आता, गाणं नंतर,” म्हणे. तो प्रयोग दोघांपैकी कोणीच पाहिलेला नव्हता. केशवराव तर त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला, अवघ्या एकतिसाव्या वर्षी गेले. पण वाद त्या तारखेपाशी येऊन थांबला की धाकटे आजोबा तबकडी उलटी करीत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होई.